एकाच ताग्यातलं काळं

आई पांढऱ्यात होती. बाबांच्या चाळिसाव्या दिवसाच्या त्या फोटोत, पुढच्या रांगेच्या मधोमध, माझी आई दुधासारख्या पांढऱ्या कापडात बसली होती, आणि तिच्या दोन्ही अंगांना बाबांच्या घराण्याच्या बायका डांबरासारख्या काळ्या. मी संगणकापासून खुर्ची मागे सरकवली. स्टुडिओच्या दारातून समुद्राकाठच्या केप कोस्टची दुपार आत येत होती. टॅक्सीवाला गिऱ्हाइकासाठी भोंगा वाजवत होता, समोरची बाई तेलात केळ्याचे काप सोडत होती, सगळं जिथल्या तिथं होतं. त्या दिवशी सकाळी आईच्या डोक्याची काळी पट्टी मीच मागून गाठ मारून बांधली होती. काळं नेसली होती ती. शंभर माणसांनी पाहिलं होतं. साध्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो शेजारीच उघडे होते, आणि त्यांत ती काळ्यातच होती. पांढरी होती ती फक्त ह्या दुसऱ्या कॅमेऱ्याला. आणि आमच्यात विधवेने पांढरं नेसायचं ते वर्ष भरल्यावर, नवऱ्याच्या बहिणींनी नेसवल्यावर. त्याआधी नाही.

हे दुसऱ्या कॅमेऱ्याचं वेड मला बाबा गेल्यावर लागलं. सोळा वर्षं मी मर्तिकांचे फोटो काढतोय. आमच्याकडे मर्तिक लग्नापेक्षा मोठं. एखादा शनिवार मर्तिकाशिवाय गेला तर लोक फोटोग्राफरलाच विचारतात, तब्येत बरी आहे ना? सोळा वर्षं काळं आणि लाल, काळं आणि लाल. बाबांच्या मर्तिकात मी कॅमेरा हातात घेतला नाही, आणि नंतर घेतला तर त्यातून काही बघावंसंच वाटेना. मग फोनवर कुणाचे तरी फोटो दिसले. झाडं कापसासारखी, आकाश शाईसारखं, आणि सगळ्यावर एक अशी शांतता की माझ्या तोंडून 'प्रभो' असं निघून गेलं. इन्फ्रारेड, असं खाली लिहिलं होतं. तांबड्याच्याही पलीकडचा उजेड, डोळ्याला न दिसणारा. मला वाटलं, देवाने उजेड केला तो अख्खा केला. आपल्या डोळ्यांना त्यातला एक पदर तेवढा दिला. बाकीचा काय वाया गेला असेल? मी भिंगापुढे लावायची काळी काच मागवली. तिच्यातून माणसाला काहीही दिसत नाही. आधी काच न लावता चित्र नेमकं स्पष्ट करायचं, मग धक्का लागू न देता ती काच फिरवून बसवायची, आणि मग आंधळ्यासारखं उभं राहायचं, वीस-वीस सेकंद, कॅमेऱ्याच्या तिवईच्या पायाशी. वारा सुटला की नारळाच्या झावळ्यांचा धूर व्हायचा. पहिले फोटो तर सगळे लालभडक आले. नंतर कळलं की पांढरं म्हणजे काय हे ह्या यंत्राला शिकवावं लागतं, आणि ते हिरवं गवत दाखवून. भर उन्हातलं गवत पुढे धरायचं आणि सांगायचं, हे पांढरं. ते मुकाट मान्य करतं. मला तेव्हा त्याची गंमत वाटली होती.

वीस सेकंद माणूस काही स्थिर बसत नाही, म्हणून मी माझा जुना कॅमेरा फीफीकडे नेला. फीफी फोन आणि घड्याळं दुरुस्त करतो. रविवारी माझ्याच बाकावर बसतो आणि उपदेश चालू असताना पेंगतो.

"ह्याच्या पोटात एक निळसर काच असते," तो स्क्रू काढता काढता म्हणाला. "हा तुझा उजेड आत येऊ नये म्हणूनच घातलेली. ती काढून तिथे काळी बसवतो. पण ऐकून ठेव, एबो. एकदा काढली की हा पुन्हा माणसांत यायचा नाही."

"नको येऊ दे."

"ह्यात अंगातली उष्णता दिसते म्हणे. बाबा रे, माझ्या बायकोचा फोटो काढू नकोस. ती माझ्यावर किती तापलीय ते गावाला कळेल."

उष्णता दिसत नाही. ही चूक सगळेच करतात, मीही केली होती. दिसतो तो उजेडच, झाडावरून, कातडीवरून, कापडावरून परतलेला. फक्त आपल्या ओळखीचा नाही. पानं तो सगळा परत फेकतात म्हणून पांढरी होतात. माणसाची कातडी मेणासारखी फिकी होते, माझ्यासारख्या काळ्याकुट्ट माणसाचीही, आणि डोळे मात्र विहिरीसारखे खोल. कापडांचं तर काही सांगताच येत नाही. माझा रविवारचा काळा कोट बिस्किटाच्या रंगाचा आला आणि छत्री काळीच राहिली. रंग कशाने दिलाय त्यावर असतं ते. दोन काळी कापडं डोळ्याला सख्ख्या बहिणी असतात आणि ह्या उजेडात एकमेकींना ओळखतसुद्धा नाहीत.

आणि म्हणूनच मी आधी तपासलं होतं. आमच्याकडे घराण्यात माणूस गेलं की घराणं एक कापड ठरवतं, आणि सगळे त्याच ताग्यातलं नेसतात. बाबांसाठी मान्सा आत्याने, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीने, मुद्दाम छापून घेतलं होतं: काळ्यावर गडद लाल, उघड्या पुस्तकांची नक्षी. बाबा शाळामास्तर, आणि वर चर्चचे उपदेशक. पुस्तक तर हवंच. आत्याची स्वतःची कापडाची पेढी. तिने स्वतःच्या हाताने वार मोजून, फाडून, प्रत्येकाच्या मांडीवर ते ठेवलं. स्टुडिओच्या भिंतीवरचा पांढऱ्या झाडांचा फोटो बघून तिनेच मला फर्मावलं होतं, "हा स्वर्गच रे! असाच काढ आमचा. वर्षाच्या उपासनेला चर्चच्या हॉलमध्ये लावू. जोसेफ, तुझा बाप, वरून बघतोय असं वाटलं पाहिजे." माझा सदरा त्याच ताग्यातला. मी त्याचा फोटो काढून बघितला: काळं काळंच राहत होतं आणि लाल पुस्तकं उजळून चांदण्यांसारखी वर येत होती. छान दिसणार होतं. साधे फोटो झाल्यावर मी सगळ्यांना म्हटलं, हलू नका, आणि दुसऱ्या कॅमेऱ्याने तीन काढले.

आता त्या तिन्हींत आत्याच्या मांडीवर पुस्तकं चमकत होती, माझ्या चुलत बहिणींच्या खांद्यांवर चमकत होती, आणि आईचं कापड कोरं होतं. एकही पुस्तक नाही. काळं गेलं, लाल गेलं, राहिलं निव्वळ पांढरं. म्हणजे आईचं कापड त्या ताग्यातलं नव्हतं. बाजारात अशी हुबेहूब नक्कल आठवडाभरात मिळते, हे मला माहीत होतं. आईला कधी ती घ्यावी लागेल हे माहीत नव्हतं. मग मी मागच्या रांगा मोठ्या करून बघितल्या. पाहुण्यांची कापडं राखाडी, फिकी, डागाळ. आणि अगदी मागे, मांडवाच्या खांबाला टेकून उभी असलेली एक बाई डांबरासारखी काळी, आणि तिच्या छातीवर उघडी पुस्तकं. चेहरा मेणाचा, डोळे विहिरीचे, तरी मी ओळखला. चेहऱ्याच्या आधी मला तिचा आवाज आठवला.

बाबा चर्चच्या वाटून दिलेल्या फेरीवर गावोगाव उपदेशाला जायचे आणि मला बरोबर न्यायचे. आमच्या उपासनेत उपदेश नुसता ऐकायचा नसतो. उपदेशक बोलत असतो, बोलता बोलता एखाद्या वाक्यापाशी येतो, आणि बाकांतली एखादी बाई बसल्या जागेवरून पद उचलते. त्याच वाक्याचं पद, तिथल्या तिथे जुळवलेलं. मग सगळ्या बायका तिच्या मागून, उपदेशक थांबतो, डोळे मिटतो, आणि पद ओसरलं की जिथे सोडलं होतं तिथून एक पायरी वर चढून पुढे बोलतो. आयुष्यात मला ह्यापेक्षा गोड काही माहीत नाही. केप कोस्टच्या मोठ्या चर्चमध्ये बाबा चांगले बोलायचे. पण मोरी गावच्या कोळीवाड्यातल्या त्या छोट्या चर्चमध्ये, तिसऱ्या बाकावर अजोआ नावाची केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे गोळे, रांधून विकणारी बाई असायची, आणि तिथे बाबा वेगळेच असायचे. ती नेमकं उचलायची. अर्धा श्वास आधी नाही, नंतर नाही. मी आठ वर्षांचा होतो आणि मला कळत होतं की हा माणूस तिच्या आवाजाची वाट बघत बोलतोय. परतताना ते माझा हात धरायचे आणि मोरीपासून घरापर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत. आई दारात उभी असायची. विचारायची, "आज कसं झालं?" बाबा म्हणायचे, "देवाची कृपा." मी तिथेच उभा राहून बूट काढत असायचो, आणि बुटाची नाडी मला कधीच लवकर सुटायची नाही.

आईला मी दुसऱ्या दिवशी विचारलं. ती बाबांच्या घराच्या मागच्या खोलीत, शिवणयंत्रापाशी चटईवर बसली होती. तेच काळं कापड. उघडी लाल पुस्तकं, अगदी हुबेहूब. सुतकातल्या बाईच्या अंगाला नवऱ्याच्या घराण्यातलं कोणी हात लावत नाही. नाहीतर आत्याच्या बोटांना पहिल्याच दिवशी कळलं असतं.

"आई, हे घराण्याचं कापड नाही."

तिने सुईत दोरा ओवला. "कुणी सांगितलं?"

"फोटोत कळतं."

"मान्साला कळलं?"

"अजून नाही."

तिने पहिला टाका घातला. "मांडवाच्या तोंडाशी तुझ्या आत्याने आपली दोन माणसं उभी केली होती, कापड चाचपून बघायला. घराण्याच्या कापडाशिवाय मोरीची कुणी बाई आत येता कामा नये. नाव नाही घेतलं, एवढी रीत ठेवली. मग ती काय रस्त्यावर उभी राहिली असती?"

"पण ती बाबांची कोण होती?"

"हे बघ एबो, तीस वर्षं मी विचारलं नाही. आता तू विचारणार?" तिने दोरा दातांनी तोडला. "मला गाता येत नाही रे. त्यांना बोलताना मध्येच एका जागी श्वास लागायचा. तो मला देता आला नाही, तिला आला. मेल्यावर त्यांच्यासाठी रडायला मी तिला एक कापड दिलं. त्यात काय एवढं?"

"आत्याला कळलं तर?"

"कळलं तर कळलं. माझ्यासाठी खोटं काही करू नकोस. तुझ्या बाबांचा मुलगा आहेस."

पण कळलं तर काय, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आमच्यात पुरुषाचं घर त्याच्या बहिणींकडे जातं. मुलं आईच्या घराण्याची. कायदा आता काही निराळं म्हणतो, पण कायदा घेऊन आई मान्सा आत्यापुढे उभी राहणारी नव्हती. आत्याने सगळ्यांसमोर शब्द दिला होता: वर्षभर नीट काळं पाळ, मग मीच तुला पांढरं नेसवीन, आणि ही खोली मरेपर्यंत तुझी. अडुसष्ट वर्षांची बाई. माहेरचं घर समुद्राने खाल्लेलं. आणि मी स्टुडिओच्या मागे एका खोलीत राहतो, जिथे रात्री तिवई आडवी केल्याशिवाय पाय पसरता येत नाहीत. घराण्याने दिलेलं कापड विधवेने काढून त्या बाईला द्यायचं, आणि स्वतः बाजारातली नक्कल नेसून नवऱ्याच्या बहिणींच्या रांगेत बसायचं! आत्या ते एका वाक्यात सांगेल, आणि त्या वाक्यावर कोणी पद उचलणार नाही.

फोटो पुसून टाकावे, असं मनात आलं. पण आत्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर झाडं पांढरी झालेली तिथेच डोकावून पाहिली होती, आणि रोज फोन येत होता, "झाला का रे माझा स्वर्ग?" आईचा तुकडा कापून टाकता येत नव्हता, विधवेशिवाय फोटो कसला? म्हणून मी बसलो. तीन दुपारी मी आईला काळं लावलं. संगणकात एक कुंचला असतो, बारीक करता येतो. आधी खांदा. मग छाती. मग मांडीवरच्या घड्या, एकेक, कारण घडीत काळं अधिक गडद हवं. आत्याच्या मांडीवरची पुस्तकं उचलून मी आईच्या मांडीवर ठेवली, घडीनुसार वाकवून. हात चालत होता, चांगला चालत होता, सोळा वर्षांची सवय आहे. कुंचला गळ्याशी आला तेव्हा आईच्या मेणासारख्या चेहऱ्यातले ते दोन काळे डोळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, बाबा गेले तेव्हा तिला विधवा देवाने केलं, हे आता मी करतोय. दुसऱ्या दुपारी वीज गेली. मला हायसं वाटलं, आणि ती परत आली तेव्हा मी पुन्हा बसलो. शेवटी खांबापाशी गेलो. तिथे उलटं काम होतं. अजोआच्या अंगावरचं काळं मी फिकं केलं, पाहुण्यांच्या कापडांपेक्षाही थोडं जास्तच, कारण हात भीतीने जड पडला होता. पुस्तकं एकेक करून मिटवली. अजोआ पांढरी झाली. सकाळ-संध्याकाळ मी प्रार्थना करतो. त्या तीन दिवसांत केली नाही असं नाही, पण ती छताशी जाऊन परत येत होती.

आत्या शनिवारी आली. खुर्ची ओढून पडद्याच्या इतक्या जवळ बसली की तिच्या श्वासाने काच धुरकट झाली.

"अगं बाई! मला गोरी मडमच करून टाकलंस की!"

"सगळेच तसे आलेत, आत्या."

"स्वर्गात काय सगळे गोरेच असतात? असू देत. जोसेफला ओळखू आले म्हणजे झालं." मग तिचं बोट पुढे आलं आणि थेट आईच्या मांडीवर टेकलं. माझ्या कानांत समुद्र वाजायला लागला. "हे बघ. ही घडी बघ कशी पडलीय, आणि पुस्तक कसं वळलंय घडीबरोबर. ह्याला म्हणतात कापड. नकली असतं तर असं पडलं नसतं. चाळीस वर्षं धंदा केलाय, माझं कापड लपत नाही." तिचे डोळे भरून आले. ती कठोर बाई नाही. भावावर तिचा जीव होता, आणि तो कोणी वाटून घ्यावा हे तिला सहन होत नव्हतं, एवढंच. "तुझ्या आईने नीट पाळलं हो. सांग तिला. वर्ष भरू दे, मी स्वतः नेसवीन. खोली तिचीच." आणि उठता उठता, "ही मागे खांबाशी कोण? हिनं पांढरं कसं घातलं मर्तिकात?"

"पांढरं नाही, आत्या. काही काळी कापडं ह्या कॅमेऱ्यात अशीच येतात."

"हो, पण कोण ती?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

फोटो चर्चच्या हॉलमध्ये लागला. वर्षापर्यंतसुद्धा आत्याला दम निघाला नाही. आई सुतकात असल्यामुळे त्या हॉलमध्ये पाय ठेवणार नव्हती, त्यामुळे तिने तो पाहिला नाही, आणि मला विचारलंही नाही. माणसं येऊन बघत होती. पांढऱ्या नारळांखाली काळी घराणेदार रांग. उपासनेनंतर मला थांबवून सांगत होती, तुझ्या कॅमेऱ्याला म्हणे आत्मा दिसतो. मी नाही म्हणायचो. तर म्हणायची, नम्र आहे मास्तरांसारखाच. पुढे मी नाही म्हणणंही सोडलं.

फोटो लागल्याच्या पाचव्या आठवड्यात, भर दुपारी, अजोआ स्टुडिओत आली. केंक्यांचे दोन गरम गोळे आणि तळलेली मासळी केळीच्या पानात बांधून आणली होती. अंगावर घराण्याचं कापड, धुऊन धुऊन मऊ पडलेलं, आणि खांद्यावरून दुसरं एक साधं, निळं. जवळून ती किती लहानशी होती.

"तू एबो. बूट नीट न घालणारा."

"बसा, मावशी."

"हॉलमधल्या बायका म्हणाल्या, मी फोटोत आहे. तिथे मला जाता येणार नाही. एकदा दाखवशील?"

छोटी प्रत माझ्या टेबलावर होती. नाही कसं म्हणणार? तिने ती दोन्ही हातांत धरली, दाराच्या उजेडाकडे वळली. आईपाशी तिचं बोट थांबलं, मग रांगांमधून मागे मागे गेलं. खांब सापडला.

"मी पांढऱ्यात आहे," ती म्हणाली.

तिचं बोट पुन्हा पुढच्या रांगेवर आलं.

"सगळ्या काळ्यात. तुझी आई काळ्यात. मी एकटी पांढऱ्यात."

"मावशी, हा कॅमेरा आहे ना..."

"माहितीये मला. डोळ्याला दिसत नाही ते ह्याला दिसतं. सगळा कोळीवाडा बोलतोय." ती खाली बसली. रडत नव्हती, कोणीतरी पाठीवरचं ओझं उतरवून घेतल्यावर माणूस जसं बसतं तशी बसली. "मी तुझ्या बाबांना रोज विचारत होते रे. मी हे कधीपर्यंत नेसायचं? तुझ्या आईचं वर्ष मान्सा मोजील. माझं कोण मोजणार? मला पांढरं कोण नेसवणार? ह्या जगात कुणाला तो अधिकारच नाही. आणि बघ. त्यांनीच नेसवलं. चाळिसाव्या दिवशीच. त्यांना घाई होती माझी."

आता सांगायला हवं होतं. एक वाक्य. ते पांढरं मी लावलंय, मावशी. खरं तर तुम्ही त्या सगळ्यांसारख्या काळ्या होतात, त्यांच्यातल्या होतात. ते वाक्य माझ्या घशापर्यंत आलं आणि त्याच्या मागोमाग आईची चटई आली, शिवणयंत्र आलं, आत्याचं बोट आलं. आणि तिच्या चेहऱ्यावरचं ते सुटलेपण, ते मी माझ्या हाताने परत घेणार होतो का? कुठल्या तोंडाने? मी केंक्याच्या पानाची गाठ सोडायला लागलो. ती उठून कपडे बदलायच्या पडद्यामागे गेली. बाहेर आली तेव्हा निळं नेसली होती, आणि घराण्याचं कापड तिच्या हातांवर घडी होऊन पडलं होतं.

"आईला दे. सांग, अजोआ सुटली. म्हणावं, तिने दिलं तेव्हा मी आभार मानले नव्हते. तेव्हा तोंडातून शब्द निघत नव्हता."

आई चटईवर होती. मी पिशवी तिच्यापुढे ठेवली. तिने हात घातला, आणि न बघता, बोटांनीच ओळखलं.

"परत का केलं तिने?"

"फोटोत ती पांढऱ्यात आलीय," मी म्हणालो. "तिला वाटतं, बाबांनी मोकळं केलं."

आई बराच वेळ कापडाच्या काठावरून अंगठा फिरवत राहिली. बाहेर कोणीतरी विहिरीत बादली सोडली.

"आणि मी? मी कशी आलेय?"

"काळ्यात."

तिने मान हलवली, जशी बाजारात भाव पटल्यावर हलवायची तशी. मग भिंतीचा आधार घेत उठली, दार लोटून घेतलं. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. आतून कापड सुटल्याचा, झटकल्याचा, पुन्हा गुंडाळल्याचा आवाज येत होता. दार उघडलं तेव्हा तिने ते घराण्याचं नेसलेलं होतं, कंबरेशी घट्ट खोचलेलं, आणि दुसरं, बाजारातलं, पायाशी पडलं होतं.

"मग हे मलाच नेसायला हवं," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघत होतो. आता ती कुठल्याही उजेडात काळीच दिसली असती.